पाण्यात मूल असताना नजर कुणाची?

मे महिना जवळ आला की पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात लसीच्या तारखांच्या जोडीने कोकणच्या सहलीचा विषय निघतो. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या सहलींचा आनंद वाटतो आणि तितकीच काळजीही वाटते. या वेळी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (कोथरूड): आम्ही अलिबागला जात आहोत. वाटेत खोपोलीजवळच्या इमॅजिकाच्या वॉटर पार्कमध्ये एक दिवस घालवावा, असा मुलांचा हट्ट आहे. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दोघांनाही पोहता येत नाही. दंडाला लावायचे हवेचे फुगे घेतले तर पुरे होईल ना? शिवाय तेथे जीवरक्षक असतातच.

उत्तर: फुगे पुरे होणार नाहीत. ते ओल्या दंडावरून निसटतात, त्यांची हवा सुटते, आणि ते लावले आहेत म्हणून घरातली मोठी माणसे निर्धास्त होतात, हे सर्वांत वाईट. त्याऐवजी मापाचे लाइफ जॅकेट घ्यावे. बक्कल लावून झाल्यावर ते खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे, असे समजून लहान माप मागावे.

जीवरक्षकांविषयी मला आदर आहे, परंतु एका जीवरक्षकाला शेकडो डोकी पाहायची असतात आणि तुम्हाला एकच पाहायचे असते. बुडणारे मूल हातपाय झाडून ओरडेल, ही आपली समजूत खरी नाही. ते पाण्यात उभेच असते, मान मागे पडलेली असते, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असते, आणि श्वास घेण्याचीच मारामार असल्यामुळे हाक मारायला हवा उरलेली नसते. हे सारे बहुधा मिनिटाभरात आटोपते. काही वर्षांपूर्वी एका वेव्ह पूलच्या काठावर उभी असताना मला पाचेक वर्षांचा एक मुलगा असाच दिसला. त्याचे केस डोळ्यांवर आले होते आणि तो ते बाजूला सारत नव्हता. एवढ्यावरूनच मला शंका आली. त्याची आई चार पावलांवर जावेशी बोलत उभी होती. मी त्याला उचलून खांद्यावर घेतले, तो खोकला आणि मग मोठ्याने रडला. तोपर्यंत त्याच्या तोंडून आवाज फुटला नव्हता.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: माणूस नेमा. दहाबारा जणांचे कुटुंब एकत्र गेले की प्रत्येकाला वाटते, दुसरे कुणी तरी पाहतच आहे. एका मुलामागे एक मोठे माणूस ठरवावे, ते हाताच्या अंतरावर असावे, त्याचा मोबाइल लॉकरमध्ये असावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलताना “आता तू पाहा” असे तोंडाने सांगून, समोरच्याचा होकार ऐकूनच नजर काढावी. पोहण्याचा पोशाख निळा किंवा पांढरा नको, कारण तो पाण्याखाली दिसेनासा होतो; भडक नारिंगी सर्वांत चांगला.

प्रश्न (चिंचवड): मुलाला गेल्या आठवड्यात जुलाब झाले होते. ते थांबून दोन दिवस झाले आहेत. तिकिटे काढलेली आहेत. पाण्यात क्लोरीन असतेच, तेव्हा नेण्यास हरकत नसावी?

उत्तर: हरकत आहे. क्लोरीनमुळे बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात, पण जुलाबांना कारण होणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ तग धरतो, आणि जुलाब थांबल्यावरही काही दिवस शौचावाटे बाहेर पडत राहतो. त्याची बाधा झालेल्याने जुलाब थांबल्यापासून दोन आठवडे तलावात उतरू नये, असा नियम आहे. आपल्याकडे अशा जुलाबांची तपासणी क्वचितच होते, त्यामुळे कारण ठाऊक नसताना मी सर्वच मुलांना तेवढे थांबायला सांगते. तिकिटांचे पैसे जातील, याचे वाईट वाटते, पण त्याच पाण्याचा घोट दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या पोटात जाणार आहे. मुलाला वाळूत किल्ला करू द्या.

वास उग्र म्हणजे पाणी स्वच्छ, असेही अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जी संयुगे तयार होतात, त्यांचा तो वास असतो आणि डोळेही त्यांनीच चुरचुरतात. म्हणून उतरण्यापूर्वी अंगावर पाणी घ्यावे आणि मुलांना तासातासाने शौचालयात न्यावे.

प्रश्न (सदाशिव पेठ): सासूबाईंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. त्यांना न्यावे का?

उत्तर: अवश्य न्यावे. उंच घसरगुंड्यांवर त्यांनी जाऊ नये, हे सांगायला नको. पण खरी काळजी तळपायांची घ्यायची आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता तापलेल्या फरशीवर दहा पावले अनवाणी चालल्यावर आपण उड्या मारू लागतो, तेथे त्यांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्याला ओल लागते, तेव्हा फोड आल्याचे कळते. अशा फोडाची जखम भरायला महिने लागतात. म्हणून मागे पट्टा असलेली रबरी सँडल त्यांनी पाण्यातही काढू नये, आणि संध्याकाळी सुनेने किंवा मुलाने त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या स्वतः पाहून कोरड्या कराव्यात. इन्सुलिन गाडीच्या डिकीत मुळीच ठेवू नये.

आणखी एक विनंती आहे. त्यांना काठावर बसवून पिशव्या आणि नातवंडे सांभाळायला देऊ नका. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला पाण्यात धावत जाता येत नाही.

प्रश्न (हडपसर): आमचे बाळ आठ महिन्यांचे आहे. सुती कपड्यांत पाण्यात न्यावे का? सनस्क्रीन चालेल का?

उत्तर: सुती कपडे ओले झाल्यावर जड होतात आणि अंग गार पाडतात, बहुतेक ठिकाणी नायलॉनचा पोशाखच लागतो. सहा महिन्यांनंतर उघड्या त्वचेवर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन चालते, ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे. बाळाला दहा ते चार उन्हात नेऊ नये. ओठ निळसर दिसले किंवा ते कुडकुडू लागले की लगेच बाहेर काढावे.

प्रश्न (वारजे): वेव्ह पूलमध्ये मुले धीट झाली आहेत. समुद्रात केव्हा उतरू द्यावे?

उत्तर: हा धीटपणाच मला भीतिदायक वाटतो. वेव्ह पूलच्या लाटा यंत्र थांबवले की थांबतात आणि तळ जागचा हलत नाही. समुद्रात परतणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले, आणि ती तर कॉलेजच्या वयाची मुले होती.

कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणने गुणावा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावी. पाणी ओसरू लागले की मुलांना बाहेर बोलवावे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर घोट्याच्या वर जाऊच देऊ नये. कुणी ओढले गेले तर मागोमाग उडी न टाकता दोर, ट्यूब, रिकामा कॅन, जे हाती येईल ते फेकावे.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास असे चालू ठेवावे, आणि तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन लावावा.