पूलमध्ये सोपा बॉल सुटला की डोकं फिरतं? आधी खुर्चीत बसायला शिक

भावा, वयानं बराच मोठा आहे म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. तुझं म्हणणं थोडक्यात असं की आठ महिने झाले, ऑफिस सुटल्यावर पूलच्या टेबलावर एट-बॉल खेळतोस (आपले सात बॉल पॉकेटमध्ये घालायचे आणि शेवटी काळा आठ नंबर, तोच ब्लॅक), एकटा असलास की बरे पडतात, पण मॅचमध्ये एखादा सरळसोट बॉल सुटला की डोकं फिरतं, मग पुढचा जोरात हाणतोस, तोही सुटतो, शेवटी टेबलाचे पैसे तुझ्याच बोकांडी आणि वर मित्र खिदळतात. मी ठाण्यात गेली बावीस-तेवीस वर्षं खेळतोय, चॅम्पियन वगैरे नाही, पण या एका विषयात मात्र माझा अभ्यास दांडगा आहे कारण मी स्वतः एक नंबरचा चिडका होतो.

तुझ्या प्रश्नावर बाकीच्यांनी सांगितलंय की शांत राहा, एन्जॉय कर, गेमच तर आहे. बरोबर आहे पण उपयोग शून्य. चिडलेल्या माणसाला शांत राहा म्हटलं की तो आणखी चिडतो, घरी बायकोला म्हणून बघ कधीतरी (लग्न झालं नसेल तर आईला).

आधी एक हिशोब करू, मला याचा खूप फायदा झाला. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. स्टँडर्ड टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचाच्या आसपास, म्हणजे दोन बॉल जेमतेम शेजारी शेजारी मावतील एवढं. आता बॉल पॉकेटपासून चार फुटांवर आहे आणि शॉट एकदम सरळ आहे असं धर. तो बरोबर मध्ये गेला तर दोन्ही बाजूंना २८ मिलिमीटरची सवलत आहे. चार फुटांवरचे हे २८ मिलिमीटर जिथे व्हाइट बॉल (क्यूनं म्हणजे काठीनं मारायचा तो) आपटतो तिथे आणून मोजले तर उरतात फक्त १.३ मिलिमीटर. म्हणजे व्हाइट तुझ्या मनातल्या रेषेपासून दीड मिलिमीटर जरी सरकून लागला तरी बॉल बाहेर. हिशोब ढोबळ आहे, जबड्याला (पॉकेटच्या तोंडाच्या कडेला) घासून आत पडणारे धरले नाहीत, पण अंदाज आला ना? आणि याला आपण सोपा शॉट म्हणतो!

आपल्याकडच्या बहुतेकांचा घोळ इथेच होतो कारण आपण सगळे कॅरमवरून आलेलो. तिथे सगळा मामला २९ इंचांच्या चौकटीत, सोंगटी डोळ्यासमोर, स्ट्रायकर बोटाखाली. त्या सवयीनं ९ फुटी टेबलापुढे उभे राहिलो की वाटतं हा तर गेलाच. मी एकदा वहीच घेऊन बसलो. तो वर सांगितलेला लांबचा सरळ शॉट, व्हाइट तीन फुटांवर, पॉकेट चार फुटांवर, असा दहादा लावायचा आणि किती पडले ते लिहायचं. महिनाभर लिहिलं. आकडा यायचा ६, कधी ५, एखाद्या दिवशी ७. इतक्या वर्षांनंतर! म्हणजे जो शॉट माझा दहात चारदा सुटणारच आहे त्याच्यासाठी मी मॅचमध्ये स्वतःला आईबहिणीवरून ओरडत होतो. तू पण लिहून बघ, खोटं लिहू नकोस, आपल्यालाच दाखवायचंय. आकडा कळला की राग अर्धा तरी उतरतो, कारण मग 'हा सुटलाच कसा' असं वाटत नाही, 'चारातला एक गेला' एवढंच वाटतं.

उरलेला अर्धा राग मात्र हिशोबानं जात नाही, आणि त्याचं कारण या खेळातच आहे. टेनिसमध्ये बॉल नेटमध्ये गेला तर अर्ध्या मिनिटात पुढचा पॉइंट सुरू. क्रिकेटमध्ये कॅच सोडलास तर निदान धावायला तरी मिळतं. पूलमध्ये चूक झाली की तुला खुर्चीत जाऊन बसावं लागतं. हात रिकामे, समोरचा खेळतोय, आणि तुझ्या डोक्यात तोच शॉट पुन्हा पुन्हा. समोरच्यानं चार बॉल सलग घातले तर तीन मिनिटं तू नुसता स्वतःला खात बसलेला असतोस, आणि मग तुझी पाळी येते तेव्हा उठतोस तो ऑलरेडी तापलेला. माझं ठाम मत आहे की पूलमधला राग टेबलावर येत नाही, खुर्चीत शिजतो.

माझा किस्सा सांगतो. ऑफिसच्या ग्रुपची टूर्नामेंट होती, सेमीफायनल, फक्त ब्लॅक उरलेला आणि तो पण पॉकेटच्या तोंडाशी लोंबकळत. मी घाईत मारला, जबड्याला लागून बाहेर. मी क्यू जमिनीवर असा आपटला की जॉइंटपाशी तडा गेला, आणि क्यू माझा नव्हता, मित्राचा होता. जाऊन बसलो आणि दातओठ खात स्वतःला शिव्या देत होतो. तेवढ्यात समोरच्याचाही ब्लॅक सुटला. सगळे ओरडले म्हणून उठलो. व्हाइट कुठे जाऊन थांबलाय ते मी पाहिलंच नव्हतं, गेलो, वाकलो, मारला. ब्लॅक गेला. आणि मागोमाग व्हाइट पण गेला, समोरच्या कोपऱ्यात, सरळ चालत. ब्लॅकवर इन-ऑफ (व्हाइट पण आत) म्हणजे फ्रेम, आख्खा डाव, हरली. देवानं दुसरा चान्स दिला होता आणि मी खुर्चीत भांडण करण्यात बिझी होतो. मार्कर (पार्लरमध्ये टेबल सांभाळणारा) काही बोलला नाही, त्यानं फक्त बिल पुढे केलं. क्यूचे पैसे वेगळे.

तर त्यानंतर मी खुर्चीतली एक सवय लावून घेतली, साधी आहे, हसू नकोस. बसलो की आधी क्यू हातातून सोडायचा, बाजूला टेकवून ठेवायचा (हातात असला की आपटावासा वाटतो). हात पुसायचे, पाण्याचा एक घोट. मग जो शॉट सुटला त्याचं कारण मनातल्या मनात दोन-तीन शब्दांत म्हणायचं. 'जाड लागला' (व्हाइट हवा त्यापेक्षा मध्यावर बसला). 'डोकं उचललं'. 'पुढचा बघत होतो'. 'जोर जास्त'. एवढंच, यापेक्षा मोठं वाक्य करायचं नाही, 'मी नेहमी असंच करतो' हे तर अजिबात नाही, ते कारण नाही, ती रडारड आहे. कारण नाही कळलं तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि सोडून द्यायचं, ते प्रॅक्टिसला बघू. आणि यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम, समोरच्याचा व्हाइट बघत राहायचं. त्याचे बॉल पडतायत का ते बघू नकोस, त्यानं जीव जळतो. व्हाइट कुठे थांबतोय, तो आत्ता चुकला तर मला काय मिळेल, हे बघ. डोक्याला काम दिलं की ते भांडत नाही. मोबाइल काढायचा नाही, मोबाइल बघून आलेला माणूस पहिला शॉट हमखास घालवतो, हे मी शंभरदा पाहिलंय.

आता उठल्यावरचं. राग आलेला असताना हात काय करतो ते नीट बघ. मागचा हात क्यू आवळतो, स्ट्रोक आखूड होतो, मारता मारता डोकं वर येतं कारण पडला का ते बघायची घाई असते, आणि जोर दुप्पट. जोरात मारलेल्या बॉलला पॉकेट लहान होतं, म्हणजे हळू आलेला बॉल जबड्याला लागूनही आत घरंगळतो तोच जोरात आला की खडखड करून बाहेर. म्हणजे चिडून मारणं हे आधीच १.३ मिलिमीटर असलेलं पॉकेट आणखी बारीक करून घेणं आहे. म्हणून माझा स्वतःपुरता नियम असा की चुकून बसल्यानंतर परत उठलो की पहिला शॉट टेबलावरचा सगळ्यात कंटाळवाणा घ्यायचा. बँक (कडेला आपटून घालणं) नाही, कॉम्बिनेशन (एका बॉलनं दुसरा घालणं) नाही, स्क्रू मारून व्हाइट मागे आणायची हौस नाही. जवळचा, हळू, नाहीतर सरळ सेफ्टी, म्हणजे घालायचा नाद सोडून समोरच्याला अवघड ठेवणं. हिशोब चुकता करायची जी खुमखुमी असते ना, तीच मारते. आणि वाकल्यावर मनात जरा जरी शंका आली तर उभं राहायचं, चॉक लावायचा, पुन्हा वाकायचं. लोक हसतात, हसू दे.

हसण्यावरून आठवलं. स्नूकर हा खेळ आपल्याकडचाच, १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झालेला. नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी होता (पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा), त्यानं म्हातारपणी सांगितलेली हकिकत अशी की मिलिटरी अकॅडमीतल्या पहिल्या वर्षाच्या नवशिक्यांना स्नूकर म्हणायचे, आणि जबलपूरला एकाचा रंगीत बॉल पॉट करताना सुटला तेव्हा यानं त्याला चिडवलं की तू तर अगदी स्नूकर आहेस. मग वातावरण बिघडू नये म्हणून म्हणाला की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. तेच नाव खेळाला चिकटलं. म्हणजे एवढा मोठा खेळ, आणि त्याचं नाव पडलं ते कोणाचा तरी बॉल सुटला आणि मित्र हसले म्हणून. पुढच्या वेळी तुझे मित्र हसले की ही गोष्ट ऐकव, निदान विषय तरी बदलेल.

मोठ्यांचं बघायचं तर स्नूकरमधला रॉनी ओ'सलिव्हन. त्याच्याइतका हात असलेला माणूस मी तरी पाहिला नाही. २००६ च्या यूके चॅम्पियनशिपमध्ये स्टीफन हेंड्रीसमोर ४-१ नं मागे होता, नऊ फ्रेम जिंकायच्या होत्या म्हणजे मॅच अजून पडलेली होती, आणि सहाव्या फ्रेममध्ये एक रेड सुटल्यावर त्यानं हेंड्रीशी हात मिळवला आणि निघून गेला. तेव्हा त्याच्या नावावर दोन वर्ल्ड टायटल होती, पुढे एकूण सात झाली. आणि स्टीव्ह डेव्हिस, १९८५ ची वर्ल्ड फायनल, ८-० नं पुढे होता, मॅच आली १७-१७ वर, पस्तिसाव्या फ्रेमच्या शेवटच्या ब्लॅकवर, त्याला कटचा (बॉलच्या बाजूला मारून तिरका घालायचा) चान्स मिळाला आणि त्यानं तो गरजेपेक्षा बारीक कापला, सुटला. डेनिस टेलरनं ब्लॅक घातला, मॅच गेली. लोक हे सांगताना लगेच म्हणतात की बघा, नंतर त्यानं १९८७, ८८, ८९ असं सलग तीनदा जिंकलं. मधलं १९८६ कोणी सांगत नाही, तेव्हाही तो फायनललाच आला आणि पुन्हा हरला. मला ते १९८६ जास्त आवडतं. सुटलेला बॉल डोक्यातून लगेच जात नाही, त्या लेव्हलच्या माणसाचाही गेला असेल असं मला वाटत नाही, तरी तो खेळायला येत राहिला आणि फायनलपर्यंत आला.

सोपे बॉल का सुटतात याबद्दल एक सांगायचं राहिलं. अवघड शॉटला आपण पूर्ण लक्ष देतो. सोप्याला लक्ष पुढच्या बॉलवर असतं, व्हाइट कुठे आणू, मग ब्लॅकसाठी कसा जाऊ. वाकेपर्यंत हा विचार कर ना हवा तेवढा, पण वाकल्यावर फक्त समोरचा बॉल. खुर्चीत म्हटलेल्या कारणांत माझे 'पुढचा बघत होतो' वाले सगळ्यात जास्त निघाले, जवळजवळ निम्मे.

आणि काही वेळा चूक तुझी नसतेच, हेही ध्यानात ठेव. पावसाळ्यात कापड दमट होतं, टेबल जड चालतं, त्यात बॉल मळलेले असले की एकमेकांना जास्त चिकटून ढकलतात आणि कटचे शॉट सगळे जाड बाजूला जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मी पहिली दहा मिनिटं नुसते कट मारून अंदाज घेतो आणि मार्करला बॉल पुसून द्यायला सांगतो. तो तोंड वाकडं करतो पण देतो.

पार्लरचा क्यू वापरतोस असं लिहिलंयस, तर घ्यायच्या आधी टेबलावर लोळवून बघ. टोक वरखाली उड्या मारायला लागलं तर वाकडा आहे, दुसरा घे. टिप (क्यूचं चामड्याचं टोक) पण बघ, चकाकत असेल तर चॉक धरणार नाही आणि मग मिसक्यू होऊन (टिप बॉलवरून घसरून) उगाच स्वतःवर चिडशील. आणि त्या लांबच्या सरळ शॉटचा दहापैकी आकडा काढलास की इथे टाक, तीनपेक्षा जास्त आठवडे सलग लिहून ठेवलेली माणसं माझ्या ओळखीत मोजून तीन, मी आणि आणखी दोघं, बस.