वडिलांच्या आठवणीचा ट्रक आणि मुलीची एफडी

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वडील सैन्यात ए.एस.सी.त (आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद-वाहतूक विभागात) ड्रायव्हर होते. आता लष्कराच्या भंगारातला १९८६चा निस्सान वन-टन ट्रक एका व्यापाऱ्याकडे दिसलाय आणि तो मनातून जात नाही. मागणी ४ लाख ७५ हजार, मेकॅनिकच्या अंदाजाने वर सव्वादोन लाखांचं काम. हातात पगार ७८ हजार, त्यातून घराचा हप्ता २१ हजार. बँकेत आठ लाखांची एफडी, मुलगी अकरावीत. ‘एफडी मोडून घेऊ का? जुन्या गाड्यांचे भाव वाढतायत, गुंतवणूकही होईल,’ असं ते विचारतात.

गुंतवणूक हा शब्द आधी खोडा. हौस म्हणा, मग मोकळेपणाने बोलता येईल. हौसेला माझा विरोध नाही, मी स्वतः एक बंद पडलेली राजदूत मोटरसायकल पंधरा वर्षं सांभाळली आहे.

खरी मेख तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. व्यापारी म्हणतो, ‘कागद मागाहून करून देतो, आरटीओत ओळख आहे.’ तिथेच थांबा. लष्करी गाडीची नोंद लष्कराकडे असते, आरटीओकडे नाही. म्हणून तर त्यांच्या पाटीवर तो वर जाणारा बाण. गाडी विकली गेली की नव्या मालकाने आरटीओत पहिल्यापासून नोंदणी करायची असते. ज्यांनी पूर्वीच लिलावात घेऊन रीतसर पासिंग केलं, त्यांच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. पण १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या भंगारातच काढायच्या, असा केंद्राचा नियम आहे. लष्कराच्या चिलखती व खास गाड्यांना सूट आहे, तुमच्या मनातल्या ट्रकला नाही. भंगार म्हणून विकलेल्या गाडीला ‘ओळखी’वर मिळालेले कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे निघतात. चॅसीवरचा, म्हणजे सांगाड्यावरचा, जुना नंबर घासून नवा ठोकला की झालं. पकडली गेली तर गाडी जाईल, वर फौजदारी तुमच्यावर.

म्हणून पुढच्या रविवारी व्यापाऱ्याकडे जाल तेव्हा पातळ कागद आणि पेन्सिल न्या. चॅसीवर नंबर जिथे ठोकलाय तिथला चिखल-ग्रीस पुसा, कागद धरून पेन्सिल आडवी घासा. उमटलेला नंबर आरसी बुकाशी आकडा-आकडा जुळवा. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंग किंवा नको तिथे ताजा रंग दिसला तर चहा न पिता परत या. आरसीवरचा नोंदणी क्रमांक एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकून पाहा. आरसीच नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

कागद खरे निघाले असं धरू. मग आरसीवर वर्ग कोणता, ते बघा. मालवाहू असेल तर दरवर्षी फिटनेस तपासणी. शिवाय ‘मित्रांना मागे बसवून कासला नेऊ’ हा तुमचा बेत रद्द. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्यांची जबाबदारी विमा कंपनी घेत नाही. अपघात झाला तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि ती एफडीएवढी लहान नसते. तुमचं कारचं लायसन्स मात्र चालेल. साडेसात टनांच्या आतल्या वाहतूक गाडीला तेवढं पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं. शक्तिमान, म्हणजे लष्कराचा मोठा ट्रक, घ्यायचं म्हणाला असतात तर हे उत्तर वेगळं असतं.

खाजगी वर्गात नोंद असेल तरी वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५पासून दहा हजार रुपये, पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांवरची लागते. म्हणजे तुमचा ट्रक २०३६च्या आधी पात्र होणार नाही, आणि झाला तरी रोज फिरवायला नाही, रॅली-प्रदर्शनापुरताच.

आता पेट्रोल. हे लष्कराच्या जोंगा जीपचंच चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. लिटरला चार किलोमीटर धरा. सातारा-पुणे जाऊन-येऊन २२० किलोमीटर म्हणजे ५५ लिटर, पावणेसहा हजारांच्या आसपास. इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या वॉशरना सोसत नाही. तेही सव्वादोन लाखांत धरलंय का, मेकॅनिकला विचारा. त्या आकड्यात मी नेहमी निम्मे आणखी मिळवतो. म्हणजे एकूण आठ लाखांच्या वर. एफडी संपली, आणि मोडल्याचा व्याजदंड वेगळा.

अकरावी म्हणजे दोन वर्षांत इंजिनिअरिंगची पहिली फी. ती एफडी मुलीची आहे, तुमची नाही. मेव्हण्याबरोबर निम्मा वाटा हाही पर्याय लिहिलाय तुम्ही. आरसीवर तुमचं एकट्याचं नाव राहणार असेल, तर गाडी तो चालवत असताना झालेल्या अपघाताची नोटीसही तुमच्याच घरी येईल.

माझं मत: हा ट्रक सोडा. वेगळी आरडी काढा, महिना सात हजारांची. चार वर्षांत साधारण पावणेचार लाख जमतील, तोवर फीचाही अंदाज आलेला असेल. मग आधीच पासिंग झालेला, चालता ट्रक मालकाकडूनच शोधा. दोन लाख जास्त गेले तरी तोच स्वस्त पडतो.

आणि रंगाचं विचारलंय. ऑलिव्ह ग्रीन लष्कराखेरीज कुणालाच लावता येत नाही, मोटार वाहन नियम १२१. राखाडी चालेल.