‘हे तर अमक्यासारखं वाटतं’

माणसांची चित्रं काढणारे तरुण चित्रकार माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते, “माझी शैली माझी नाहीच.” हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यातला एक अनुभव, ओळख पटणार नाही इतपत बदल करून, सांगावासा वाटतो.

एका तरुण चित्रकर्तीनं चार महिने कॅनव्हासला हात लावला नव्हता. कारण, कुणीतरी तिचं चित्र पाहून म्हणालं होतं, “अगदी जेनी सॅव्हिल!” (सॅव्हिल म्हणजे माणसांची अंगं जाड रंगात रंगवणारी ब्रिटिश चित्रकर्ती.)

“त्यात काय लागलं मनाला?”

“माझं चित्र कुणासारखंही दिसताच कामा नये.”

मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि ‘दिसताच’मधल्या ‘च’भोवती गोल केला. “दिसू नये, ही इच्छा झाली. ‘च’ आला की तिचा हुकूम होतो. हा हुकूम पाळलेला एक तरी चित्रकार मला शोधून दे.” त्रासाचं मूळ घटनेत नाही, तिच्याबद्दलच्या हट्टी विचारात शोधणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे ती याचसाठी. तिला त्या शेऱ्यानं छळलं नव्हतं, या एका अक्षरानं छळलं होतं.

पुढच्या वेळी ती वही भरून घेऊन आली. सॅव्हिलची चित्रं पाहून लोकांना चित्रकार ल्यूशन फ्रॉइड आठवतात. हे फ्रॉइड (सिग्मंड फ्रॉइड यांचेच नातू) आधी बसून, मऊ, बारीक ब्रशनं गुळगुळीत रंगवत. चित्रकार फ्रान्सिस बेकनच्या मैत्रीत, १९५०च्या दशकात, ते डुकराच्या राठ केसांच्या ब्रशकडे वळले आणि उभं राहून रंगवू लागले. खुद्द बेकननं १९५३मधल्या आपल्या चित्रासाठी स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचं १६५०च्या सुमाराचं पोपचं चित्र आधाराला घेतलं होतं. तरी बेकन व्यक्तिचित्रं फोटोंवरून करी आणि फ्रॉइडना समोर माणूस बसलेलाच लागे.

“म्हणजे सगळेच कुणाचे ना कुणाचे,” ती म्हणाली. आवाजात सुटका होती, पण समाधान नव्हतं. मला ते जाणवलं. ‘सगळेच घेतात’ एवढ्यानं कुणी पुन्हा ब्रश उचलत नाही.

म्हणून मी तिच्या चित्राचा फोटो आणि सॅव्हिलच्या १९९२च्या ‘प्रॉप्ड’ची छापील प्रत शेजारी ठेवली. “फक्त हात बघ.”

‘प्रॉप्ड’मधली बोटं मांडीच्या मांसात रुतलेली आहेत. हिच्या चित्रात अंगावर रंगाचे जाड थर, आणि हात मात्र पुसट. मनगटाखाली कॅनव्हासच्या कापडाचा पोत दिसत होता.

“हे अर्धवट राहिलंय?”

“नाही. रंग ओला असतानाच चिंधीनं पुसते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा स्थिर राहतो, हात राहत नाहीत. दर वेळी बदलतात, म्हणून पुसते.”

“हे कुणाकडून घेतलंस?”

ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिलो. त्या शांततेत मी बोललो नाही, याचं मला आजही बरं वाटतं. मग तिनं फोनवर जुनी चित्रं उघडली. पाच वर्षांतल्या प्रत्येक चित्रात हात पुसलेले होते.

असा प्रश्न पडलेल्यांनी साम्य फोनवर मोजू नये. ‘प्रॉप्ड’ सात फूट उंच आहे, पण पडद्यावर ते आणि हातभर कॅनव्हास सारखेच दिसतात. आपली निदान दहा चित्रं भिंतीला टेकवून ठेवा आणि न ठरवता पुन्हापुन्हा काय येतंय ते शोधा. आवडत्या चित्रकाराची एक प्रत मन लावून करा, तिच्यामागे त्याचं नाव लिहा. प्रभाव लपवू नका. एखाद्याची अख्खी रचना उचलून स्वतःची म्हणून मांडली, तर तिथं अपराधीपणा वाटणं योग्यच आहे. त्याचा इलाज माझ्याकडे नाही.

दोन महिन्यांनी तिनं नव्या चित्राचा फोटो पाठवला. अंग अजून सॅव्हिलसारखंच जाड रंगवलेलं होतं. हात या वेळी कोपरापर्यंत पुसले होते.