माउंटन बाइक शर्यतींची सुरुवात कुठे झाली?

या शर्यतींचा उगम बहुधा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॅरिन काउंटीतील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर मानला जातो. तेथे ऑक्टोबर 1976 मध्ये चार्ली केली आणि त्यांच्या मित्रांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन, एकेकाने ठरावीक अंतराने निघून घड्याळाशी शर्यत लावायला सुरुवात केली. त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव कसे पडले, ही कथा मला सर्वांत रंजक वाटते: पेडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक सुमारे 400 मीटर उंची उतरेपर्यंत इतका तापत असे की, त्यातील ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे (इंग्रजीत ‘रिपॅक’ करावे) लागे. याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये खास डोंगरासाठी नवी सायकल घडवली.

पुढे 1990 मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तर 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. मात्र तेथे स्थान मिळाले ते चढ-उतारांच्या क्रॉस-कंट्री प्रकाराला. ज्या उतारावरच्या शर्यतीपासून सारे सुरू झाले, ती डाउनहिल अद्याप ऑलिम्पिकबाहेरच आहे.