रोजच्या जेवणाने आयुष्य खरंच वाढतं-घटतं का, की सगळं आनुवंशिक असतं?

तुम्ही लिहिलंय की वय 34, अंगकाठी बारीक, वडिलांना आणि आजोबांना दोघांनाही मधुमेह, त्यामुळे "नशिबात असेल तर होणारच, मग आत्तापासून खाण्यावर बंधनं कशाला?" साधारण याच वयात मलाही असंच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात आमची पिठाची गिरणी आहे आणि वडिलांना 46 व्या वर्षी मधुमेह निघाला. त्यांच्या आजारपणात जे शिकलो आणि नंतर वाचून पडताळलं, तेवढंच सांगतोय.

गिरणीवाल्याच्या घराला गाव काय खातं ते न विचारता कळतं. माझ्या लहानपणी सकाळी ज्वारीच्या डब्यांची रांग लागायची. चक्की एकच, त्यामुळे ज्वारी सगळी संपल्यावर दुपारी गहू लावायचे. गव्हाचं दळण म्हणजे सण नाहीतर पाहुणे. मी कॉलेजात जाईपर्यंत हे उलटं झालं. ज्वारीचे चार डबे, बाकी सगळा गहू. आणि प्रत्येक जण सांगणार, "एकदम बारीक काढा." घरी नेऊन वर चाळणार आणि कोंडा म्हशीला घालणार. पोळी पांढरी आणि मऊ व्हायची. त्या कोंड्यात तंतू होते, बी जीवनसत्त्वं होती, हे सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही.

वडिलांचं वजन तेव्हा 58 किलो. दिवसभर उभं राहून डबे उचलायचे. गोडाची आवड अजिबात नाही, लग्नातली जिलेबीसुद्धा बाजूला सारायचे. त्यामुळे रिपोर्ट आला तेव्हा ते मनापासून म्हणाले, "मी तर गोड खातच नाही." मग एकदा मी गल्ल्याशेजारी बसून त्यांचे चहा मोजले. आलेल्या माणसाबरोबर अर्धा-पाऊण कप करत दिवसाला आठ कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. सोळा चमचे म्हणजे कमीत कमी 60 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला जास्तीत जास्त 50 ग्रॅमच्या आसपास आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. चहा म्हणजे त्यांच्या लेखी खाणं नव्हतंच. दुपारी ताटभर भात, पातळ आमटी आणि वाटीच्या तळाशी भाजी. पोट भरायचं, पण कशाने भरलंय ते कधी कुणी पाहिलं नाही.

मला कळलेलं सगळ्यात मोठं हेच. आयुष्य होळीच्या पुरणपोळीने कमी होत नाही. ज्याला आपण खाण्यात धरत नाही, जे रोज न बघता पोटात जातं, ते वीस-तीस वर्षं साचत राहतं.

आता तुमचं "मी बारीक आहे". याच्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. 2004 साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडे माणूस दिसायला बारीक असतो, स्नायू कमी असतात आणि चरबी पोटात आतल्या अवयवांभोवती बसते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात, बायकांसाठी 80.

आनुवंशिकतेचं म्हणाल, तर ती आहेच, नाकारत नाही. तुम्हाला धोका इतरांपेक्षा जास्त आहे. पण फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागाची गोष्ट वाचल्यावर माझं "नशीब" प्रकरण संपलं. 1970 च्या सुमाराला तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जायचे, जगात सर्वाधिक प्रमाण तिथलं होतं. पावावर लोण्याचा थर, साईचं दूध, भरपूर मीठ, भाजीपाला जवळजवळ नाही. 1972 मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या पुढाकाराने गावोगाव काम सुरू झालं. बायकांच्या मंडळांनी नव्या पद्धतीचा स्वयंपाक शिकवला, लोण्याच्या जागी तेल आलं, मीठ कमी झालं, दुधाचा धंदा करणाऱ्या काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. सिगारेटही सुटली, तिचाही वाटा मोठा आहे. पुढच्या चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. माणसं त्याच घराण्यांतली, रक्त तेच.

उलटही होतं. जपानचं ओकिनावा बेट दीर्घायुषी लोकांसाठी प्रसिद्ध. रताळी, सोयाबीन, भाज्या आणि पोटाला थोडी भूक ठेवून उठायची सवय. अमेरिकी तळांमुळे तिथे बर्गर आणि डबाबंद मांस रुळलं आणि 2000 साली ओकिनावाच्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या 47 प्रांतांत 26 व्या क्रमांकावर घसरलं. म्हाताऱ्या पिढीला काही झालं नव्हतं, मधल्या वयाचे पुरुष लवकर जात होते.

मग करायचं काय? आमच्या घरात जे टिकलं ते सांगतो. (जे टिकलं नाही ते बरंच आहे. कारल्याच्या रसाच्या नादाने वडिलांनी मनानेच गोळ्या बंद केल्या होत्या, त्या काळात पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. गोळ्या आणि खाणं दोन्ही लागतं, एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नका.)

चहाची साखर आधी. दोनाचा दीड, मग एक, मग अर्धा चमचा, दर पंधरा दिवसांनी. वडिलांना चौथ्या महिन्यात बिनसाखरेचा चहा जमला. आता कुणी गोड चहा दिला तर त्यांनाच तो पाक वाटतो.

दुसरं ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत म्हटलंय की आपल्याकडे 50 ते 70 टक्के ऊर्जा नुसत्या धान्यातून येते, ती 45 टक्क्यांच्या वर नको. म्हणजे भात-पोळी कमी आणि भाजी, डाळ, उसळ, दही जास्त. नुसती पोळी सोडून भाकरी धरली की झालं असं समजू नका. ज्वारी चांगलीच, पण चार भाकरी आणि चमचाभर पिठलं खाल्लं तर साखर वाढणारच. आमच्याकडे दोन भाकरी, मोड आलेल्या मटकीची भरपूर उसळ, मेथी नाहीतर चाकवत, वर कच्चा कांदा-मुळा. आई आधी उसळ-भाजी वाढते, भाकरी मागून. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे प्रयोगांत दिसलंय. आणि पीठ चाळायचं नाही!

तिसरं मीठ, आणि इथे तुम्ही स्वतः हिशेब करू शकता. माणशी दिवसाला 5 ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला 600 ग्रॅम पुरे. आमच्या घरात दीड किलो संपायचं, शिवाय लोणचं, पापड, फरसाण वेगळंच. आता एक किलोचा पुडा जवळजवळ दीड महिना जातो. पहिले काही आठवडे सगळं अळणी लागलं, मग जीभ बदलली. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, त्यातही सोडियमच असतं. चीनमध्ये 600 खेड्यांतल्या सुमारे 21,000 लोकांवर झालेला मोठा प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठातला चौथा हिस्सा पोटॅशियमच्या मिठाने बदलला, तेवढ्यानेच पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

चिया, किन्वा वगैरेवर पैसे घालवायची गरज मला दिसत नाही. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, पेरू, पालेभाजी, ताक यांनी काम होतं. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात पालेभाज्या आणि फळं वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं वजनाने जास्त भरली होती. घरात पाळणा हलायचा असेल तर हे बायकोलाही सांगा आणि भाजी तुम्ही निवडा.

वडील आता 71 चे आहेत. सकाळी दोन तास गल्ल्यावर बसतात. एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 9.4 होतं, गेली तीन वर्षं 7 च्या आसपास आहे. गेलेली बोटं परत येत नाहीत, दृष्टीही थोडी अधू झालीय. चहाचे कप मी 20 वर्षं आधी मोजले असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहिलं.

तुमच्या हातात अजून ती 20 वर्षं आहेत. या आठवड्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी करून घ्या, बीपी मोजा. आणि उद्या दिवसभर, बिस्किटापासून चहापर्यंत, तोंडात जाईल ते सगळं एका कागदावर लिहून काढा. हवं तर तो कागद इथे टाका, आपण मिळून बघू.