सहावीचा अभ्यास आणि पाऊण वाटीचं माप

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा मिरजेत सेमी-इंग्रजीतून पाचवी संपवतोय आणि जुलैत तुम्ही सगळे इकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला येताय. तिथं सहावीला काय असतं, त्याला झेपेल का, आणि आपलं इंग्रजी बेताचं असताना त्याचा अभ्यास घ्यायचा कसा, हे तुमचे प्रश्न. मी सांगलीची, विश्रामबागची. सात वर्षांपूर्वी इकडे आलो तेव्हा आमची लेक नेमकी सहावीतच होती. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी लसींचं, कारण ते तिकडूनच उरकून यायचं आहे. कॅलिफोर्नियात लसींची नोंद पुरी असल्याशिवाय शाळेत बसू देत नाहीत. आपल्या सरकारी दवाखान्यात एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस देतात, तिच्यात गालगुंडाची लस नसते. इकडे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात आणि कांजिण्यांचेही दोन. कार्ड काढून बघा आणि राहिलेल्या लसी आत्ताच खासगी डॉक्टरकडे द्यायला सुरुवात करा, कारण दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

सरकारी शाळेला फी नाही. प्रवेश परीक्षाही नाही, वयावर वर्ग ठरतो. घरी मराठी बोलता असं फॉर्ममध्ये लिहिलंत की महिन्याच्या आत त्याची इंग्रजीची एक चाचणी होते, तिला एल्पॅक म्हणतात. त्यात कमी पडला तर त्याला इंग्रजीसाठी जादा मदत मिळते, खालच्या वर्गात बसवत नाहीत. काही आईवडील भीतीपोटी ‘घरी इंग्रजीच बोलतो’ असं लिहून देतात. तसलं काही करू नका, हक्काची मदत हातची जाते.

बऱ्याच ठिकाणी सहावीपासून मिडल स्कूल सुरू होतं. म्हणजे बाई वर्गावर येत नाहीत, पोरांनीच दर तासाला दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जायचं. पाच-सहा शिक्षक, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. खरं सांगू का, आमची लेक अभ्यासाला नाही, या धावपळीला दमली. पहिल्याच महिन्यात तिचे सहा गृहपाठ ‘दिलेच नाहीत’ म्हणून शून्य लागले. वहीत सगळं सुवाच्य केलेलं होतं, पण ते संगणकावर चढवून सबमिटचं बटण दाबायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चिडून शाळेला ईमेल लिहिली, पण सहापैकी तीन गृहपाठांचे गुण गेले ते गेलेच. इथं वार्षिक परीक्षेवर सगळं ठरत नाही, वर्षभराचे हे बारीकसारीक गुण साठत जातात. पालकांनाही लॉगिन मिळतं. दर रविवारी मुलाला शेजारी बसवून ते एकदा उघडायचं, एवढी सवय लावून घ्या.

आता गणित. इथला सहावीचा मुख्य विषय म्हणजे गुणोत्तर, दर आणि शेकडेवारी. त्याशिवाय अपूर्णांकाला अपूर्णांकाने भाग, ऋण संख्या, आलेखाचे चारही चरण, साधी समीकरणं, आणि सरासरी-मध्यक. यातलं शेवटचं आपल्याकडे पुढच्या इयत्तांत येतं, बाकी बरंचसं बालभारतीच्या सहावीतही आहे. आकडेमोडीत आपली पोरं मागं पडत नाहीत. घोडं पेंड खातं ते ‘असं का?’ या प्रश्नापाशी.

लेकीला एका चाचणीत निम्मे गुण मिळाले. उत्तरं सगळी बरोबर, पण ‘कसं ते समजावून सांगा’ या ओळी कोऱ्या. मलाही राग आला, उत्तर बरोबर आहे ना, मग? रात्री स्वयंपाकघरात तिला विचारलं, तीन भागिले तीन चतुर्थांश किती? म्हणाली, चार, उलटा करून गुणायचं. का? तर म्हणे, बाईंनी सांगितलंय म्हणून. मग ताटात तीन वाट्या तांदूळ ठेवले, हातात पाऊण वाटीचं माप दिलं आणि म्हटलं, मोज. तिनं प्रत्येक वाटीतून एकेक पाऊण काढली. तीन झाल्या. तळाशी उरलेल्या तांदळाकडे बघत बसली आणि एकदम म्हणाली, ‘अगं, प्रत्येक वाटीत पाव उरलाय, तीन पाव म्हणजे अजून एक पाऊण!’ फोनवर आप्पांना सांगितलं तर ते हसले, ‘चार पाऊण तीन, त्यात काय!’ त्यांच्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ.

ताई, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तुमच्या घरात रोज आहेत. इंग्रजीत एवढे सुटसुटीत शब्द नाहीत. तेव्हा अभ्यास मराठीतूनच घ्या. ‘का’ ते त्याला तुम्हाला मराठीत सांगू दे, मोडक्या इंग्रजीत लिहायचं ते तो स्वतः बघेल. लेकीनं तांदळाचंच उत्तर चुकीच्या स्पेलिंगांसकट लिहिलं आणि तिला पूर्ण गुण मिळाले.

दोन बारीक गोष्टी येण्याआधीच दाखवून ठेवा. पाच लाख इकडे 500,000 असे लिहितात, आपला 5,00,000 असा स्वल्पविराम चूक धरतात. आणि भागाकारात भागफळ उजवीकडे नाही, वर लिहितात.

भाषेच्या तासाला पाठांतराचा उपयोग शून्य. धडा वाचून आपलं मत मांडायचं आणि त्याला धड्यातलाच पुरावा द्यायचा. गाईडमधून उत्तर उतरवायची सवय असेल तर ती तिकडेच सोडून या, इथं नक्कल म्हणून धरतात. घरी जेवताना सराव घ्या: भडंग सांगलीचं भारी की कोल्हापूरचं, कारणं दे. कारण नाही तर भडंगही नाही.

इतिहासाची मात्र गंमत आहे. कॅलिफोर्नियात सहावीला प्राचीन संस्कृती असतात: मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस, रोम, चीन आणि भारत. आपल्या सहावीच्या पुस्तकातही हडप्पा, महाजनपदं, मौर्य आहेत. तेवढं एक पुस्तक सामानात टाका. अशोकाचा तास येईल तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त त्याला माहीत असेल, आणि नव्या मुलाला असा एक दिवस लागतोच. विज्ञान बरंचसं करून बघण्यावर आहे. उष्णता धरून ठेवणारा पेला बनवा वगैरे. माठातलं पाणी गार का होतं हे घरी बोलून ठेवा, कामाला येईल.

शिक्षकांना भेटायला जाल तेव्हा दुभाषा मागा, फुकट देतात. मुलालाच दुभाषा करू नका, तो स्वतःबद्दलच्या तक्रारी गाळून भाषांतर करतो. आमच्याकडे तेच झालं होतं.

आणि घराच्या करारावर सही करण्याआधी पत्ता मला कळवा. शाळा पत्त्यावर ठरते, एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा असतात. कुठली पडते ते बघून सांगते.