टांझानियाच्या शाळेत रांगोळी शिकवायला जाताय?
आधी घड्याळ समजून घ्या. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा तातू’ म्हणजे तीन नव्हे, आपले सकाळचे 9. नवखे इथेच चुकतात. मुलं ‘शिकामो’ (मोठ्यांना करायचा नमस्कार) म्हणाली की उत्तरात ‘मराहाबा’ म्हणा. उलट ‘शिकामो’ नको, ते फक्त मोठ्यांना.

रांगोळीची पूड नेऊच नका, वाऱ्यावर उडते. अंगण झाडून, थोडं पाणी शिंपडून काडीने रेघा ओढू द्या. आठ-आठ मुलांचे गट, 5 ओळींत 5-5 ठिपके, अंतर चार बोटं. बोटं मात्र एकाच मुलाची! प्रत्येकाने आपापली लावली की ठिपके सरकतात, रेघा जुळत नाहीत. शेवटची 10 मिनिटं त्यांच्याकडून बाओ हा तिथला पटावरचा खेळ शिका. चपाती, चाय, कलामू (पेन) हे शब्द त्यांचेही आहेत. गप्पा तिथून सुरू होतात.